'पर्फिडी' मुळापासून शिकताना : विश्वासघाताच्या इंग्रजी शब्दांची वाट

'पर्फिडी' हा शब्द पहिल्यांदा वाचनात आला की कोश उघडला जातो. तिथे 'विश्वासघात, दगा, बेइमानी' असं सापडतं आणि काम झालं असं वाटतं. पुढच्या पानावर 'ट्रेचरी' येतो, त्याच्यासमोरही तेच तीन शब्द. मग 'बिट्रेयल', 'ट्रेझन', 'डिसलॉयल्टी'. इंग्रजीत पाच वेगळे शब्द आणि मराठीत सगळ्यांना एकच गाठोडं. भाषांतर करणाऱ्याची, कायदा शिकणाऱ्याची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याची इथेच फसगत होते. हे गाठोडं सोडवायचं कसं, ते पायरीपायरीने पाहू. मुख्य शब्द 'पर्फिडी'; बाकीचे त्याच्या अनुषंगाने.

जवळ तीन गोष्टी ठेवा. व्युत्पत्ती देणारा एक मोठा इंग्रजी कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. आणि एक वही, चार रकाने आखलेली : शब्द, मूळ अर्थ, कोणी कोणाचा भरवसा मोडला, मराठीत काय. तिसरा रकाना रिकामा सोडायचा मोह होतो. तो सोडू नका, पुढचं सगळं काम त्याच रकान्यावर चालतं.

पहिली पायरी : उच्चार आणि रूपं

स्पेलिंग पी-ई-आर-एफ-आय-डी-वाय. जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर : 'पर्-फिडी'. ब्रिटिश उच्चारात 'र' जवळजवळ गळतो आणि 'पऽफिडी' असं ऐकू येतं. अमेरिकन उच्चारात 'र' स्पष्ट असतो. विशेषण 'पर्फिडिअस', आणि इथे जोर सरकून दुसऱ्या अवयवावर जातो : 'पर्-फि-डिअस'. मराठीत शब्दातल्या जोरामुळे अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्ष देत नाही आणि दोन्ही शब्द एकाच ठोक्यात म्हटले जातात. दोन्ही शब्द पाठोपाठ दहा वेळा मोठ्याने म्हणा, जोराच्या जागी टेबलावर बोट आपटा. फरक बसतो.

क्रियाविशेषण 'पर्फिडिअसली'. क्रियापद नाही. ही गोष्ट वहीत ठळक लिहा, कारण 'ही पर्फिडेड मी' अशी वाक्यं नवशिके हमखास बनवतात. क्रियापद हवं असेल तर 'बिट्रे' वापरायचं. माणसासाठीही या घराण्यातलं रुळलेलं नाम नाही. तिथे 'ट्रेटर' किंवा 'बिट्रेयर'. एखाद्या घटनेबद्दल बोलायचं तर 'ॲन ॲक्ट ऑफ पर्फिडी'. शब्द भारदस्त आहे. इतिहासात, अग्रलेखात, राजनैतिक खलित्यात आणि युद्धविषयक कायद्यात शोभतो. मित्राने ठरवून सिनेमाला दांडी मारली, तर तिथे हा शब्द ओझं होतो.

दुसरी पायरी : शब्दाची फोड

इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'पेरफिदिया'वरून, आणि ते 'पेरफिदुस' म्हणजे 'बेइमान' या विशेषणावरून. त्याचे दोन तुकडे : 'पेर' आणि 'फिदेस'.

'फिदेस' म्हणजे भरवसा, इमान, दिलेला शब्द. रोमन लोकांना ही कल्पना इतकी मोठी वाटायची की फिदेस नावाची देवताच होती आणि रोमच्या कॅपिटोल टेकडीवर तिचं देऊळ होतं. तह, करार, शपथ ही सगळी तिच्या कक्षेतली कामं.

'पेर' म्हणजे 'मधून', 'च्या द्वारे'. कोशकार इथे 'पेर फिदेम देकिपेरे' या लॅटिन वाक्प्रचाराकडे बोट दाखवतात : 'भरवशाच्या वाटेने फसवणं'. याच उपसर्गाला काही लॅटिन शब्दांत 'बिघाड, नाश' अशीही छटा आहे. 'इरे' म्हणजे जाणं, 'पेरिरे' म्हणजे नाश पावणं. त्यातून इंग्रजी 'पेरिश'. 'पर्जरी', म्हणजे खोटी शपथ, त्यातही तोच 'पेर'. त्यामुळे 'पेरफिदुस'चा अर्थ 'भरवशातून घात करणारा' आणि 'भरवसा बिघडवणारा' अशा दोन्ही अंगांनी लावता येतो.

आता आपला शब्द घ्या : विश्वासघात. शाळेत याचा विग्रह 'विश्वासाचा घात' असा, षष्ठी तत्पुरुष म्हणून करतात. पण तृतीया लावून पाहा : 'विश्वासाने घात'. विश्वास हेच हत्यार. पहिल्या विग्रहात विश्वास मरतो, दुसऱ्यात विश्वास मारतो. 'पेर फिदेम' अगदी हा दुसरा विग्रह आहे. 'पर्फिडी' कुठेही भेटला की मनात तृतीया लावा. इतर शब्दांपासून तो आपोआप वेगळा पडतो.

तिसरी पायरी : घरातली माणसं ओळखा

एकटा शब्द पाठ केला तर आठवड्यात उडून जातो. त्याची भावंडं ओळखीची निघाली तर राहतो. आणि 'फिदेस'ची भावंडं तुमच्या कपाटात, फायलीत आहेत.

शाळा-कॉलेजच्या खिडकीवर मागायचा 'बोनाफाईड' घ्या. लॅटिन 'बोना फिदे' म्हणजे 'चांगल्या भरवशाने, प्रामाणिकपणे'. हा विद्यार्थी खरोखर इथलाच आहे, असं संस्था इमानाने सांगते, म्हणून तो बोनाफाईड दाखला. कोर्टात केलेलं 'ॲफिडेव्हिट' तर मुळात लॅटिन क्रियापद आहे : 'त्याने शपथेवर सांगितलं आहे'. एक आख्खं वाक्य इंग्रजीत नाम होऊन बसलं आणि आपण त्याला प्रतिज्ञापत्र म्हणतो. 'कॉन्फिडन्स' म्हणजे भरवसा, 'डिफिडन्ट' म्हणजे स्वतःवर भरवसा नसलेला, 'फियान्से' म्हणजे ज्याला वचन दिलं आहे तो. 'फेथ' हा फ्रेंचमधून घासून गुळगुळीत होऊन आलेला तोच 'फिदेस'. 'फेडरल'मधलं 'फोएदुस', म्हणजे तह, तेही याच मुळाचं. कुत्र्यासाठी जुनं लोकप्रिय नाव 'फायडो' याच घरातलं. आपण 'इमानी कुत्रा' म्हणतो तेच तिथे नावात आहे.

गाण्याच्या यंत्रांसाठीचा 'हाय-फाय' म्हणजे 'हाय फिडेलिटी' : मूळ आवाजाशी इमान राखणारा. मराठीत तो 'हायफाय सोसायटी'पर्यंत पोचला, हा पुढचा प्रवास. मात्र 'वाय-फाय'मध्ये फिडेलिटी शोधायला जाऊ नका. ते हाय-फायच्या चालीवर घडवलेलं व्यापारी नाव आहे. सारख्या आवाजावरून नातं जोडणं ही व्युत्पत्तीतली सर्वांत जुनी चूक. 'पर्फिडी' आणि 'परफेक्ट' यांचा उपसर्ग एक असला, तरी 'फेक्ट'चं मूळ 'करणं' या अर्थाचं, वेगळं आहे.

या घरातला एक शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे : 'डिफाय'. आज त्याचा अर्थ 'न जुमानणं'. मध्ययुगीन युरोपात त्याचा अर्थ होता 'इमान जाहीरपणे मागे घेणं'. सरंजामी व्यवस्थेत मांडलिकाने धन्याविरुद्ध शस्त्र उचलण्याआधी आपलं नातं तुटल्याचं उघड कळवायचं, अशी रीत होती. असं कळवून लढला तर तो शत्रू. न कळवता, इमानाचा मुखवटा तसाच ठेवून वार केला तर पर्फिडी. एकाच 'फिदेस'मधून उघड तोडण्याचा शब्दही निघाला आणि छुप्या घाताचाही.

चौथी पायरी : शेजारी वेगळे करा

इथे वेळ द्या. बहुतेक चुका इथल्या आहेत.

'ट्रेझन', 'ट्रेटर', 'बिट्रे' ही तिन्ही एका आईची. लॅटिन 'त्रादेरे' : 'त्रान्स' म्हणजे पलीकडे आणि 'दारे' म्हणजे देणं. पलीकडे देऊन टाकणं. किल्ल्याची किल्ली, गुप्त कागद, माणूस, जे आपल्याकडे सोपवलेलं होतं ते शत्रूच्या हाती देणं. त्याच 'त्रादेरे'मधून 'ट्रॅडिशन'ही निघाला : एका पिढीने पुढच्या पिढीला दिलेलं. म्हणजे ट्रेझन आणि ट्रॅडिशन सख्खी भावंडं आहेत. फरक एवढाच की दिलं कोणाला. लॅटिन 'दारे' आणि संस्कृत 'दा' धातू एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत. आपलं 'देणं', 'दान' त्याच धातूचं, आणि 'संप्रदाय'ही : सम्, प्र आणि दा, म्हणजे नीट पुढे सोपवणं. ट्रॅडिशनला 'संप्रदाय' हा किती जवळचा जोड आहे, ते यावरून दिसेल.

याचा एक जुना दाखला. इसवी सन 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. ज्यांनी भीतीपोटी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हाती दिले, त्यांना उत्तर आफ्रिकेतले कडवे ख्रिस्ती 'त्रादितोरेस' म्हणू लागले. शब्दशः 'देऊन टाकणारे'. 'ट्रेटर' हा याच शब्दाचा वंशज.

'बिट्रे'चा दुसरा अर्थ हमखास चुकतो. 'हिज व्हॉइस बिट्रेड हिज फिअर' या वाक्याचं भाषांतर 'त्याच्या आवाजाने भीतीचा विश्वासघात केला' असं छापून येतं. अर्थ आहे : 'भीती लपवली तरी आवाजावरून कळलीच.' हा अर्थ कुठून आला? हाती देणं, तिथून उघड करणं, तिथून नकळत उघडं पडणं. मूळ माहीत असेल तर ही चूक होत नाही.

'ट्रेचरी' दिसायला 'ट्रेझन'सारखा, पण त्याचं नातं वेगळं. तो जुन्या फ्रेंच 'ट्रेशिए'वरून आला, म्हणजे फसवणं. आजही फ्रेंचमध्ये पत्त्यांच्या डावात लबाडी करण्याला 'ट्रिशे' म्हणतात, आणि इंग्रजी 'ट्रिक' त्याचाच भाऊ. म्हणून ट्रेचरीत लबाडीचा भाग मोठा आणि दिलेल्या वचनाचा भाग ऐच्छिक. विशेषण 'ट्रेचरस' निर्जीव गोष्टींनाही चालतं : निसरडा घाट, वरून घट्ट दिसणारा बर्फ, अचानक उलटणारी हवा. 'पर्फिडिअस' रस्त्याला लावत नाहीत. रस्त्याने कोणाला वचन दिलेलं नसतं.

'डिसलॉयल्टी' सर्वांत सौम्य. 'लॉयल' आणि 'लीगल' एकाच लॅटिन शब्दाची दोन रूपं : एक फ्रेंच वळणाने आलं, दुसरं थेट. मूळ 'लेक्स' म्हणजे कायदा. लॉयल म्हणजे बंधन पाळणारा. त्यामुळे डिसलॉयल व्हायला कट रचावा लागत नाही. पक्षाच्या बैठकीला गैरहजर राहणं, मालकाच्या प्रतिस्पर्ध्याची स्तुती करणं, इतकंही पुरतं.

'इन्फिडेलिटी' आज बहुतेक वेळा वैवाहिक नात्यापुरता उरला आहे. व्यापारी कराराच्या बातमीत तो वापरू नका, वाचक भलतंच समजेल.

राहिला 'सेडिशन'. लॅटिनमध्ये 'वेगळं होऊन जाणं', फुटून निघणं. मराठीत याला 'राजद्रोह' हा शब्द पक्का बसला तो भारतीय दंड संहितेच्या 124-अ कलमामुळे. हे कलम 1870 मध्ये आलं. 1897 मध्ये मुंबईत लोकमान्य टिळकांवर याच कलमाखाली खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'डिसअफेक्शन' म्हणजे 'अफेक्शनचा अभाव', सरकारबद्दल प्रेम नसणं, इतका सैल अर्थ ज्यूरीला सांगितला. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. 1908 च्या खटल्यात सहा वर्षं काळ्या पाण्याची, ती त्यांनी मंडालेत काढली. एका शब्दाच्या अर्थावर माणसाची वर्षं जातात. कोश काळजीने उघडायला याहून मोठं कारण नको. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'सेडिशन' हा शब्द नाही. देशाच्या सार्वभौमत्वाला आणि एकतेला धोका पोचवणाऱ्या कृत्यांसाठी 152 वं कलम आहे. जुन्या मजकुराचं भाषांतर करताना 'सेडिशन'ला राजद्रोह आणि 'ट्रेझन'ला देशद्रोह ही वाटणी पाळा. इंग्लंडच्या राजेशाही काळातल्या ट्रेझनला मात्र 'राजाविरुद्धचा द्रोह' असं उलगडून लिहिणं बरं, नाहीतर वाचक 124-अ मध्ये शिरतो.

ट्रेझन हा इंग्लंडमध्ये काटेकोर कायदेशीर शब्द आहे. 1351 चा तिथला कायदा नॉर्मन फ्रेंचमध्ये लिहिलेला. राजाच्या मृत्यूचा मनसुबा करणं, राजाविरुद्ध युद्ध पुकारणं, त्याच्या शत्रूंना सामील होणं आणि खोटी नाणी पाडणंसुद्धा त्यात ट्रेझन. त्याखाली 'पेटी ट्रेझन' नावाचा धाकटा गुन्हाही होता : नोकराने धन्याला किंवा बायकोने नवऱ्याला ठार मारणं. तो 1828 मध्ये रद्द झाला. 1916 मध्ये आयर्लंडच्या रॉजर केसमेंटवर याच जुन्या कायद्याखाली खटला चालला. त्याची कृत्यं जर्मनीत घडलेली, आणि जुन्या मजकुरात विरामचिन्हं नाहीत. 'राज्यात किंवा अन्यत्र' हे शब्द नेमके कशाला जोडायचे यावर वाद झाला. निकाल त्याच्याविरुद्ध गेला आणि त्याला फाशी झाली.

पाचवी पायरी : युद्धाच्या कायद्यातला नेमका अर्थ

साहित्यात पर्फिडीचा अर्थ लवचिक आहे. कायद्यात तो मोजूनमापून दिलेला आहे, आणि तो शिकला की साहित्यातला अर्थही स्वच्छ होतो.

अमेरिकन यादवी युद्धात, 24 एप्रिल 1863 रोजी, लिंकनच्या सरकारने फ्रान्सिस लीबरने तयार केलेली नियमावली सैन्याला लागू केली. तिच्या सोळाव्या कलमाचा आशय : लष्करी गरजेपोटी शत्रूला चकवणं चालेल, पर्फिडी चालणार नाही. चकवणं वेगळं आणि पर्फिडी वेगळी, हे तिथे साध्या शब्दांत आलं. 1907 च्या हेग नियमांत शत्रूला 'ट्रेचरसली' मारण्यावर बंदी आली. पण व्याख्या मिळाली ती 8 जून 1977 च्या, जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या 37 व्या कलमात.

व्याख्येचे तुकडे करून वाचा. एक, समोरच्याचा भरवसा मिळवणारी कृती हवी. दोन, हा भरवसा कुठलाही चालत नाही. 'युद्धाच्या कायद्याप्रमाणे मला संरक्षण आहे' किंवा 'समोरच्याला संरक्षण देणं मला बंधनकारक आहे' असाच हवा. तीन, तो भरवसा मोडण्याचा हेतू हवा. या तिन्ही गोष्टी जुळल्या की पर्फिडी. अशा मार्गाने शत्रूला ठार करणं, जखमी करणं किंवा पकडणं यावर कलमाने बंदी आहे.

कलमातच उदाहरणं आहेत : पांढरं निशाण दाखवून बोलणीचं किंवा शरणागतीचं सोंग, जखमी वा आजारी असल्याचं सोंग, सामान्य नागरिक असल्याचं सोंग, संयुक्त राष्ट्रांची किंवा तटस्थ देशांची चिन्हं आणि गणवेश वापरून घेतलेलं संरक्षण.

आता एकच प्रसंग जवळून पाहा. सैनिक हात वर करतो, पांढरं कापड हलवतो. समोरचा बंदूक खाली घेतो, कारण शरण येणाऱ्यावर गोळी झाडायची नाही हे त्याच्यावर बंधन आहे. पहिला लपवलेलं पिस्तूल काढून गोळी घालतो. बंदूक खाली का गेली? भीतीने नाही, मूर्खपणानेही नाही. ती कायद्यावरच्या भरवशाने गेली. मेलेल्या माणसाइतकंच नुकसान पुढचं आहे : त्या आघाडीवर यानंतर खरोखर शरण येणाऱ्याच्या पांढऱ्या कापडावरही गोळी सुटेल. बंदीचं कारण हे आहे.

याच्या समोर ठेवा 'रूझ ऑफ वॉर'. जाळी टाकून तोफ लपवणं, रबरी फुगवलेले रणगाडे उभे करणं, खोट्या हल्ल्याची हालचाल दाखवणं, खोटी माहिती पेरणं : हे त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात कायदेशीर ठरवलं आहे. 1944 मध्ये नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्तांनी रबरी रणगाडे आणि बनावट सैन्यतळ दाखवून जर्मनांची दिशाभूल केली, तो रूझ. शत्रू फसला, पण कायद्याने दिलेल्या संरक्षणाचा भरवसा कोणी मोडला नाही.

'रूझ'ला मराठीत 'कपट' लिहिणारे भाषांतरकार त्याच्यावर अन्याय करतात. आपल्याकडे 'गनिमी कावा' हा तयार शब्द आहे, आणि छोट्या प्रसंगाला 'हूल देणं', 'हुलकावणी'. हे शब्द वापरा.

रूझ आणि पर्फिडी यांच्या सीमेवरचं एक उदाहरण. डिसेंबर 1944 मध्ये आर्डेन्सच्या लढाईत ओट्टो स्कोर्झेनीच्या हाताखालचे काही जर्मन सैनिक अमेरिकन गणवेशात दोस्तांच्या मागे शिरले. पकडलेल्यांपैकी काहींना हेर म्हणून गोळ्या घातल्या गेल्या. युद्धानंतर, 1947 मध्ये डाखाऊ इथे अमेरिकन लष्करी न्यायालयाने स्कोर्झेनीला निर्दोष सोडलं. 1977 च्या व्याख्येतही शत्रूचा गणवेश घालणं पर्फिडीत थेट बसत नाही, कारण तो गणवेश पाहून आपला माणूस वाटतो, कायद्याचं संरक्षण असलेला माणूस वाटत नाही. त्यासाठी 39 व्या कलमात वेगळी बंदी आहे.

भारत 1949 च्या चारही जिनिव्हा करारांत आहे आणि 1960 चा आपला कायदा त्यांच्यासाठीच आहे. 1977 च्या प्रोटोकॉलवर मात्र भारत नाही. तरी पर्फिडीवरची बंदी रूढीने आलेल्या कायद्यातही मोडते. आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या 1998 च्या रोम कराराने पुन्हा 'ट्रेचरसली' हा हेगचा शब्द घेतला आहे. मजकूर कोणत्या कराराचा आहे ते पाहूनच शब्द निवडा.

सहावी पायरी : कोण कोणाला म्हणतं ते पाहा

शब्दाचा अर्थ कळला तरी तो कोणाच्या तोंडी आहे ते तपासावं लागतं. रोमन लोक कपटाला 'फिदेस पुनिका' म्हणत, म्हणजे कार्थेजवाल्यांचं इमान. इतिहासकार लिव्हीने हॅनिबलला 'प्युनिकपेक्षाही जास्त पर्फिडी' असलेला म्हटलं. हे सगळं जिंकणाऱ्या बाजूने लिहिलेलं आहे; कार्थेजच्या बाजूचा इतिहास आपल्या हाती आलेला नाही. इंग्रजीत आजही 'पर्फिडिअस आल्बियन' म्हणतात. आल्बियन हे ब्रिटनचं जुनं नाव, आणि शिवी फ्रेंचांची. 1793 मध्ये, दोन देशांत युद्ध पेटलेलं असताना, एका फ्रेंच कवितेत 'ला पेरफिद आल्बियाँ' असं आलं आणि ते रूढ झालं.

आपल्या इतिहासाचं इंग्रजी वाचतानाही हीच नजर ठेवा. 1659 च्या प्रतापगडाच्या भेटीत दगा कोणी केला, याबद्दल ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात शिवाजी महाराजांकडे बोट दाखवलं. सभासदाच्या बखरीत खानाने आधी मान काखेत दाबून कट्यारीचा वार केल्याचं येतं. अशा ठिकाणी 'ट्रेचरी'चं भाषांतर करण्याआधी तिसरा रकाना भरा : पहिला वार कोणाचा, भरवसा कोणी दिला होता. आणि तो आरोप लेखकाचा असेल तर 'लेखकाच्या मते' हे दोन शब्द जोडा.

सातवी पायरी : मराठी शब्द निवडणं

'बेइमानी' बांधणीने सर्वांत जवळ : फारसी 'बे' आणि अरबी 'ईमान'. म्हणजे फिदेस नसलेला. पण बेइमान माणूस उघड बेइमानही असू शकतो, तृतीया इथे नाही.

'नमकहरामी' आणि 'खाल्ल्या घरचे वासे मोजणं' यांत उपकाराची बाजू आहे. पर्फिडीत कोणी कोणाचं मीठ खाल्लेलं असण्याची गरज नाही.

'फितुरी' म्हणजे आपल्या बाजूचा माणूस पलीकडे मिळणं. ती 'ट्रेझन'च्या कुळाला शोभते. कोर्टाच्या बातम्यांत 'साक्षीदार फितूर झाला' असं 'हॉस्टाइल विटनेस'साठी रूढ आहे, तिथे पर्फिडीचा काही संबंध नाही.

'विश्वासघात' चालेल, पण बातम्यांत 'विश्वासघाताचा गुन्हा' म्हणजे बहुधा सोपवलेल्या पैशांचा किंवा मालमत्तेचा अपहार. युद्धकायद्यात तो शब्द एकटा ठेवलात तर वाचक बँकेत पोचतो. पहिल्या उल्लेखात 'संरक्षणाचा भरवसा देऊन केलेला घात' असं पूर्ण लिहा, पुढे 'विश्वासघात' पुरे.

ललित मजकुरात मात्र आपल्याकडे पर्फिडीला साजेसा वाक्प्रचार आहे : 'केसाने गळा कापणं'. सुरीने कापला तर हात आधी दिसतो. केस मऊ, आपला, जवळचा, म्हणून गळ्याशी येईपर्यंत कोणी अडवत नाही. 'पाठीत खंजीर खुपसणं' यापेक्षा स्थूल आहे. ते 'बिट्रेयल'ला द्या.

माणसाच्या नावाचं नाम होणं हेही लक्षात ठेवा. नॉर्वेच्या विद्कुन क्विस्लिंगने 1940 मध्ये नाझींची साथ दिली आणि त्याच वर्षी इंग्रजी वर्तमानपत्रांत 'क्विस्लिंग' हे सामान्यनाम झालं. मराठीत तशा जागी 'सूर्याजी पिसाळ' म्हणतात. तरी भाषांतरात एकाच्या जागी दुसरं बसवू नका. नॉर्वेच्या गोष्टीत रायगड येईल.

आठवी पायरी : सराव

खालची वाक्यं आधी स्वतः सोडवा, मग पुढचं वाचा.

'द रोड वॉज ट्रेचरस आफ्टर द रेन.' पावसानंतर रस्ता धोकादायक झाला होता. 'विश्वासघातकी रस्ता' लिहिलात तर चौथी पायरी पुन्हा वाचा.

'शी नेव्हर फरगेव्ह हिज पर्फिडी.' केसाने गळा कापला त्याने, ते तिने कधीच माफ केलं नाही. 'त्याच्या फितुरीबद्दल' चालणार नाही, कारण तो कोणाच्या बाजूला गेला हे वाक्यात नाही.

'ही वॉज डिसमिस्ड फॉर डिसलॉयल्टी टु द पार्टी.' पक्षाशी निष्ठा न राखल्याबद्दल त्याला काढलं. 'गद्दारी' हा शब्द वाक्यापेक्षा जड होतो; मूळ लेखकाचा सूर तितका चढलेला असेल तरच घ्या.

'द रूझ सक्सीडेड.' हूल लागू पडली.

'फायरिंग फ्रॉम ॲन ॲम्ब्युलन्स मार्क्ड विथ द रेड क्रॉस मे अमाउंट टु पर्फिडी.' रेड क्रॉसची खूण असलेल्या रुग्णवाहिकेतून गोळीबार करणं हा संरक्षणाचा भरवसा देऊन केलेला घात ठरू शकतो. इथे 'मे' सोडू नका. नुसत्या चिन्हाच्या गैरवापरावर त्याच प्रोटोकॉलच्या 38 व्या कलमात वेगळी बंदी आहे; पर्फिडीच्या बंदीत येण्यासाठी त्या मार्गाने कोणी मेलेला, जखमी झालेला किंवा पकडला गेलेला असावा लागतो, आणि वाक्यात ते अजून सांगितलेलं नाही.